बर्गीची मेस

नागपूरच्या माणसाला मराठी व्हायचं असेल तर त्याने पुण्याला जाऊ नये, कलकत्त्याला जावं. पुण्याला माझी आत्या असते. सुट्टीत तिच्याकडे गेलो की पहिले काही दिवस माझं व्याकरण दुरुस्त करण्यात जायचे. "आत्या, मी येऊन राहिलो," असं फोनवर म्हटलं की ती विचारायची, "येतोयस की राहतोयस, ते एकदा ठरव. त्याप्रमाणे कणीक भिजवते." आतेभाऊ मित्रांशी ओळख करून देताना "हा नागपूरचा" एवढंच म्हणायचा आणि मित्र ताबडतोब माझ्याशी हिंदीत बोलू लागायचे. पदवी हातात पडेपर्यंत महाराष्ट्रात माझी गणना अशी कच्च्या मराठी माणसांत होत होती. मग संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.साठी कलकत्त्यात प्रवेश मिळाला, आणि शियालदा स्टेशनजवळच्या एका मेसच्या जिन्यात ट्रंक टेकवली त्या क्षणी मी अख्ख्या महाराष्ट्राचा मुखत्यार झालो. नेमणूकपत्र कोणी दिलं नाही. मानधन तर नाहीच.

जायचं ठरलं तेव्हा घरात फारसा गहजब झाला नव्हता. नागपूरकरांचा भूगोल सोपा असतो. झिरो माईलच्या खांबापाशी उभं राहिलं की सगळा देश सारखाच लांब. "मुंबई आठशे, कलकत्ता अकराशे. काय फरक पडते?" असं बाबा म्हणाले आणि विषय मिटला. शिवाय संख्याशास्त्र शिकायचं तर प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या गावात, हे मी घरात इतक्या वेळा ऐकवलं होतं की आईला ते तिथले वसतिगृहाचे रेक्टर वाटू लागले होते. निघताना तिने संत्रा बर्फीचा एक डबा वेगळा बांधला आणि म्हणाली, "हा महालनोबिस सरांना दे, लक्ष ठेवतील." सर १९७२ सालीच वारले होते. डबा बिलासपूरच्या अलीकडे संपला.

गाडी गीतांजली. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ साली ती सुरू झाली तेव्हा तिला वर्ग नव्हते, सगळे प्रवासी सारखे. त्याच रुळांवरून ज्ञानेश्वरी एक्स्प्रेसही धावते. म्हणजे दोन्ही प्रांतांची सोयरीक रेल्वेने आधीच जुळवून ठेवली आहे; जाताना रवींद्रनाथ, येताना ज्ञानोबा. रायपूर गेलं की डब्यातली भाषा बदलते आणि टाटानगर गेलं की डब्यातला आवाज. हावड्याला उतरेपर्यंत समोरच्या बाकावरच्या काकांनी माझी रास, वडिलांचा पगार आणि पोटाची तक्रार, तिन्ही काढून घेतली होती. तिसऱ्यात त्यांना खरा रस होता.

आपल्याकडे मेस म्हणजे डबा लावायची खानावळ. कलकत्त्यात मेस म्हणजे अख्खं घर: जुना वाडा, लाल कोब्याची जमीन, हिरव्या फळ्यांच्या पुरुषभर उंच खिडक्या, एकेका खोलीत दोन-तीन खाटा, प्रत्येक खाटेवर मच्छरदाणी, आणि स्वयंपाकाला ठाकूर. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा आणि दर महिन्याला मेंबरांपैकी एकाने मॅनेजर व्हायचं, ही तिथली जुनी रीत. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी पहिल्याच गोष्टीत अशा एका मेसमध्ये खोटं नाव सांगून राहायला येतो. मला तेवढीही तसदी पडली नाही. माझं नाव मेसनेच बदललं.

पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर चौकशीसत्र भरलं. मी महाराष्ट्रातला आहे म्हटल्यावर "बॉम्बे?" असा एकच प्रश्न सगळ्या खाटांवरून आला. पाठोपाठ अमक्या नटाचं घर, तमक्या नटीचं लग्न, जुहूची वाळू, लोकलची गर्दी. मुंबई आमच्यापासून आठशे किलोमीटर लांब आहे, मी ती शाळेच्या सहलीत पाहिली आहे आणि त्यातला बराच वेळ मत्स्यालयाच्या रांगेत गेला, हे सांगून कोणाचं समाधान होईना. त्यांच्या मते मी सौजन्यापोटी लपवत होतो. शेवटी वैतागून "नागपूर" असं स्पष्ट म्हटलं, तर कोपऱ्यातल्या मच्छरदाणीत हालचाल झाली. आत वर्धमानचा एक एम.ए. इतिहासवाला होता.

"नागपूर? रघुजी भोंसलेचं नागपूर?"

मला भरून आलं. पुण्यात माझ्यासमोर रघुजी भोसल्यांचं नाव कोणी काढल्याचं आठवत नाही. "तेच!" मी म्हटलं. "आमचं घर महालातच आहे. भोसल्यांच्या वाड्यापासून चालत पाच मिनिटं."

तो मच्छरदाणीतून बाहेर आला, जिन्यात गेला आणि वरच्या मजल्याला हाका मारू लागला. थोड्याच वेळात सगळी मेस आमच्या खोलीत उभी होती. मला नीट दिसावं म्हणून कोणीतरी दुसरा दिवाही लावला. "बर्गी," मागून एक जण हळूच म्हणाला. झालं. त्या रात्रीपासून माझं तेच नाव.

बंगाली माणसाला दोन नावं असतात. एक कागदावरचं, संस्कृत, भारदस्त. दुसरं घरगुती, डाकनाम, जे ऐकून माणसाचा हुद्दा विसरायला होतो. ज्या प्राध्यापकांच्या प्रश्नांनी वर्ग चळचळा कापायचा, त्यांना घरी 'खोका' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचा बाळ्या, हे कळल्यावर मला संभाव्यतेचे सिद्धांत जरा सोपे वाटू लागले. तेव्हा डाकनाम मिळणं हा स्वीकाराचाच भाग. पल्टू, बुबाई, घोंटू यांच्या रांगेत मी बर्गी. फक्त या नावामागे थोडी पार्श्वभूमी होती.

ती अशी. भोसल्यांच्या फौजांनी १७४२ पासून १७५१ पर्यंत बंगालवर स्वाऱ्या केल्या. आपला बारगीर तिकडे बर्गी झाला. बारगीर म्हणजे ज्याचा घोडाही स्वतःचा नाही, सरकारी आहे, असा स्वार. विद्यार्थिदशेतली माझी स्थिती याहून फार निराळी नव्हती. पण बर्गी ही तिथे इतिहासातली गोष्ट राहिलेली नाही, ती अंगाईगीतात जाऊन बसली आहे. मूल झोपत नसलं की आई बर्गी आल्याचं सांगते आणि मूल डोळे मिटतं. आपल्याकडे जे काम बागुलबुवा करतो ते तिकडे अडीचशे वर्षं आम्ही करतो आहोत. त्या खोलीतल्या प्रत्येकाला त्याच्या आईने माझ्या नावाने झोपवलेलं होतं आणि आता मी त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणार होतो.

आमच्या शाळेच्या पुस्तकात १७५८ साली झेंडा अटकेपार गेला आणि लगेच पुढे पानिपत आलं. त्याआधी कुठेही बंगालातलं कटवा नव्हतं, वर्धमान नव्हतं. इतिहासवाल्याने मला सांगितलं की गंगाराम नावाच्या कवीने त्या काळात या स्वाऱ्यांवर एक बंगाली काव्य लिहिलं आहे आणि त्याचं नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव ऐकून मी हरखलो. आपल्यावर परप्रांतीयाने पुराण लिहावं, म्हणजे काय कमी झालं? "वाच ना," म्हटलं. त्याने मधल्या दोन पानांचा अर्थ सांगितला. जाळलेली गावं होती, आणि त्याहून वाईट बरंच काही होतं. नंतरचे काही दिवस मी मेसमधली भांडी कोणी न सांगता विसळत होतो.

पण मुखत्याराने गप्प बसून कसं चालेल? मी ग्रंथालयात जाऊन दारूगोळा जमवला. १८७८ साली सतरा वर्षांच्या रवींद्रनाथांना विलायतेला जाण्यापूर्वी इंग्रजी रीतभात शिकवली ती मुंबईच्या डॉक्टर आत्माराम पांडुरंगांच्या मुलीने, अन्नपूर्णा तर्खडने. फी न घेता. 'देशेर कथा' लिहून बंगाल हलवणारे सखाराम गणेश देऊस्कर नावावरूनच कळतं की कुठले. रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर कविता केली तीही देऊस्करांच्या निमित्ताने. खुद्द ब्योमकेशचे जनक शरदिंदूबाबू उत्तरायुष्यात पुण्याला येऊन राहिले आणि त्यांनी शिवकालातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टी लिहिल्या. वादात कोणी "बर्गी" म्हटलं की मी यांतलं एकेक प्यादं पुढे सरकवायचो. कोणी फार ताणलं तर वजीर: १७४४ साली बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना वाटाघाटीसाठी मानकरा या गावी बोलावलं आणि तंबूतच मारलं. यावर मेस जरा वरमायची. त्याचा एक तोटा मात्र झाला. पुढे कोणी मित्र "आमच्या घरी ये ना, आईने बोलावलंय," म्हणाला की लगेच पुस्ती जोडायचा, "तंबू नाही, पक्कं घर आहे."

या भास्करपंतांबद्दल मला आपुलकी वाटते. १७४२ च्या पावसाळ्यानंतर त्यांनी कटव्याजवळ दाईंहाटला चक्क थाटाने दुर्गापूजा मांडली होती. म्हणजे परप्रांतात जाऊन तिथलं होण्याचा प्रयत्न करणारे ते पहिले नागपूरकर. पूजा चालू असतानाच अलीवर्दीचा हल्ला आला आणि विसर्जनाचं राहून गेलं. मला तेवढा त्रास झाला नाही, वर्गणी तेवढी दोनदा घेतली.

कलकत्त्यावर मराठे कधी आलेच नाहीत, हेही सांगायला हवं. येतील म्हणून गावकऱ्यांनी आणि कंपनीने गावाभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला, मराठा डिच. निम्मा-शिम्मा खणून झाला, मराठे काही दिसेनात, काम थांबलं. पुढे तो बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. शियालदासमोरून जातो तो आचार्य प्रफुल्लचंद्र रोड त्याचाच भाग. रोज सकाळी मी त्या खंदकावर उभा राहून बसची वाट बघायचो. खणायला सुरुवात झाल्यापासून पावणेतीनशे वर्षांनी बर्गी पोचला होता आणि त्याच्याकडे सुटे पैसे नव्हते. कलकत्त्याचा कंडक्टर सुट्या पैशांवरून जे बोलतो ते ऐकता खंदकाची गरज नव्हती, दोन कंडक्टर पुरे होते.

आता ठाकूर. ठाकूर म्हणजे देव, ठाकूर म्हणजे रवींद्रनाथ आणि ठाकूर म्हणजे स्वयंपाकी. मेसमध्ये अधिकाराचा क्रम याच्या उलटा. आमचे ठाकूर मेदिनीपूरचे, बारीक, अबोल, आणि भाजीत चिमूटभर साखर पडेपर्यंत तिला भाजी न मानणारे. मी सावजीच्या रश्श्यावर वाढलेला. पहिल्या घासाला मला वाटलं वाढण्याचा क्रम उलटा आहे, आधी गोड वाढलं. मी ट्रंकेतून आईने दिलेल्या तिखटाची बरणी काढली. ठाकुरांनी ती हातात घेऊन उघडली, हुंगली, मिटली आणि झुरळांच्या औषधाशेजारी फळीवर ठेवली.

आईला रोज काय खाल्लं ते सांगावं लागे. "आज खसखशीची भाजी होती," असं म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. आमच्याकडे अनारशांपुरती खसखस येते, कागदाच्या पुडीत, आणि ती पुडी पुढच्या दिवाळीपर्यंत पुरवली जाते. इथे ती पाट्यावर वाटून बटाट्याला, दोडक्याला, कांद्याला लावतात. आलू-पोस्तो म्हणतात आणि भातावर मोठ्या डावाने वाढतात. "इतके पैसे आहेत तुमच्या मेसकडे?" आईने विचारलं. मग आवाज खाली आणून, "आणि झोप येते का रे फार?" येत होती. पण त्याला पोस्तो जबाबदार नाही. दुपारच्या भातानंतर सगळा बंगालच झोपतो, त्याला भात-घूम असं रीतसर नाव आहे. दुकानंसुद्धा मिटतात. आत्याला कळवलं तर ती म्हणाली, "सुसंस्कृत गाव दिसतंय."

मग आश्विन आला. घरी नवरात्रात मांसाहार बंद, कांदा-लसूण बंद. आईने फोनवर शपथ घातली. मी ठाकुरांना दोन-तीन भाषा एकत्र करून समजावलं की मला हे नऊ दिवस निरामिषच लागेल. त्यांनी मान हलवली. नवमीला ताटात मटण.

"ठाकूर, हे काय?"

"निरामिष."

"हे मांगशो आहे!"

"हो. निरामिष मांगशो." त्यांनी माझ्या अज्ञानाची कीव करत खुलासा केला: कांदा नाही, लसूण नाही. देवीला बोकडाचा नैवेद्य दाखवतात तो आलं, जिरं, हिंग घालूनच करतात. प्रसाद तो, त्यात लसूण कसा चालेल? शाकाहाराची व्याख्या प्राण्यावरून करायची असते असं मी जन्मभर धरून चाललो होतो. इथे ती मसाल्यावरून होती. मटण उत्तम होतं. रात्री आईने विचारलं, "कांदा-लसूण खाल्लं नाहीस ना?" मी खरं तेच सांगितलं, "नाही." घरी खोटं बोलायची वेळ कलकत्त्याने माझ्यावर कधीच आणली नाही.

कूलरचंच बघा. वैशाख जवळ आला तसा बाबांचा जीव खालीवर होऊ लागला. नागपुरात पारा पंचेचाळीसला जातो, पण घरोघर खिडकीत कूलर असतो. टाकीत पाणी, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंखा. बाहेर रस्ता वितळतो आणि आत माणूस रग ओढून घेतो. "कुलरशिवाय माणूस राह्यतेच कसा?" असा प्रश्न विचारून बाबा थांबले नाहीत. एका सकाळी ते हावड्याहून टॅक्सी करून मेसच्या दारात उतरले तेव्हा टपावर दोरीने बांधलेला लोखंडी कूलर होता. रेल्वेच्या पार्सलने आला होता, सोबत वाळ्याच्या ताट्यांचा एक जादा संच.

सगळी मेस खोलीत जमली. बाबांनी ताट्या भिजवल्या, पंप सोडला, बटण दाबलं आणि हात पाठीमागे बांधून कौतुकाची वाट पाहू लागले. सुरुवातीला वाळ्याच्या वासाने सगळे खूश. अर्ध्या तासाने इतिहासवाल्याच्या नोट्सची पानं कडेने वळू लागली. तासाभरात काडेपेटी पेटेना, मिठाला पाणी सुटलं, उशा दमट झाल्या आणि चष्मेवाले चष्मे पुसू लागले. गारवा औषधालाही नाही. वाळलेल्या हवेतच पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी उष्णता घेऊन जातं, त्यावर कूलरचा सगळा संसार उभा. कलकत्त्याच्या हवेत बंगालच्या उपसागराने आधीच इतकं पाणी भरून ठेवलेलं असतं की आणखी घ्यायला तिला जागा नसते. हे मी बाबांना पदार्थविज्ञानाच्या आधारे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पंप बदलावा लागन." सिलिगुडीच्या मुलाने मात्र वारा लागून सर्दी होईल म्हणून माकडटोपी चढवली होती. बाबा तेवढ्या एका मुलाच्या भरवशावर समाधानाने परत गेले.

पुढे कूलरला काम मिळालं ते ठाकुरांच्या नजरेमुळे. बंगालात कोई, मागूर, शिंगी हे मासे जिवंत आणतात आणि कापायच्या वेळेपर्यंत पाण्यात ठेवतात. ठाकूर त्यांना बादलीत ठेवत आणि कोई उड्या मारून बाहेर पडत. एका दुपारी त्यांनी कूलरची टाकी पाहिली. खोल, झाकणबंद, तिन्ही बाजूंना जाळ्या, आणि पंपाने पाणी सतत फिरतं. माशांची इतकी बडदास्त शियालद्याच्या बाजारातसुद्धा नव्हती. बाबा दर रविवारी विचारायचे, "कुलर चालू आहे ना?" मी म्हणायचो, "दिवसरात्र."

हिवाळ्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तो दिसायच्या आत अंधार पडतो. नागपूरपेक्षा कलकत्ता नऊ रेखांश पूर्वेला, सूर्य सदतीस मिनिटं आधी जातो, आणि घड्याळ दोन्हीकडे मिर्झापूरच्या मध्यान्हीवर लावलेलं. डिसेंबरात पाचच्या आत दिवेलागण. दुपारी तीनच्या तासाला बसलेला विद्यार्थी रात्री बाहेर पडतो. आई फोनवर म्हणायची, "अजून चहा नाही झाला आमचा आणि तू जेवायचं काय बोलतोस?"

गणपतीची गोष्ट मात्र सांगायला हवी. भाद्रपदात मी जाहीर केलं की मेसमध्ये दीड दिवसाचा गणपती बसवणार. विरोध कोणी केला नाही, पण सगळे बुचकळ्यात पडले.

"आत्ता? पण तो पुढच्या महिन्यात आईबरोबर येतोच की."

बंगालमध्ये दुर्गा चार दिवसांसाठी माहेरी येते आणि चारही मुलं सोबत आणते: लक्ष्मी, सरस्वती, कार्तिक, गणेश. तेव्हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. मुलगा आईच्या आधी, एकटाच, आजोळी कसा येईल? मी म्हटलं, आमच्याकडे तो एकटाच येतो आणि मग गौरी येतात. "गौरी म्हणजे दुर्गाच ना?" "हो." "म्हणजे मुलगा पुढे आणि आई मागून? सामान कोण उचलतं?" लक्ष्मी गणपतीची बहीण लागते हेही मला तिथेच समजलं. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला ती दोघं शेजारी बसतात, पण नातं कोणी विचारलेलं नव्हतं.

कुमारटुलीतून मूर्ती आणली. मूर्तिकाराने गणपतीला लांब, कानापर्यंत ओढलेले बंगाली डोळे दिले होते. आरतीच्या वेळी तो माझ्याकडे बघतोय की खिडकीबाहेर ते ठरेना. मोदकांचं ठाकुरांना समजावणं अशक्य होतं, त्यांनी साच्यातल्या संदेशावर भागवलं. आरतीला टाळ्यांचा ताल पहिल्या कडव्यातच सुटला, पण कटकच्या मुलाने शंख असा फुंकला की समोरच्या घरातल्या काकू उलुध्वनी करत गॅलरीत आल्या. पुढच्या महिन्यात मी दुर्गापूजेचे मंडप पाहायला गेलो तेव्हा माझ्या गणपतीशेजारी लालकाठाची साडी नेसलेलं केळीचं झाड, हातभर घुंघट घेऊन. "ही कोण?" "कलाबऊ. गणेशाची बायको." शास्त्र सांगतं की ती नवपत्रिका, नऊ वनस्पतींची जुडी, म्हणजे देवीचंच रूप. पण लोकांनी लग्न लावून टाकलंय आणि आता दीड दिवसाच्या पाहुण्याने कोर्टकचेरी करण्यात अर्थ नव्हता. कार्तिकस्वामी, ज्याचं दर्शन आमच्याकडे बायका एरवी घेत नाहीत, तो मिशा पिळून मोरापाशी उभा आणि मुली त्याच्यासमोर फोटो काढत होत्या.

संक्रांतीला आईने पार्सल पाठवलं. तिळगूळ, हलवा, आणि सुगडात घालतात तशी बोरं, आमच्या काटोलच्या मावशीच्या शेतातली. मी खोलीत बसून पहिलं बोर तोंडात टाकलं तेवढ्यात सिलिगुडीचा माकडटोपीवाला आत आला आणि ओरडला. सरस्वतीपूजेच्या आधी बोर खाल्लं तर माणूस नापास होतो. ही अंधश्रद्धा आहे असं मी म्हणालो. तो म्हणाला, तो मार्क्सवादी आहे, त्याचा देवावर विश्वास नाही, पण बोर थुंक. पूजेच्या दिवशी पुस्तकांना हात लावायचा नाही, ती देवीपाशी ठेवायची, हा भाग मला फार पटला. परीक्षेला निघताना कपाळाला दह्याचा टिळा लावतात आणि त्या दिवशी अंडं देत नाहीत, कारण त्याचा आकार शून्याचा. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही देत नाहीत. मी पास झालो. बोरांचा आणि निकालाचा संबंध तपासायला एवढा नमुना पुरत नाही.

फाल्गुनात माझी मॅनेजरची पाळी आली. मॅनेजर म्हणजे सकाळी ठाकुरांबरोबर बाजार, संध्याकाळी वहीत हिशेब आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वसुली. वसुली हे मेसमधलं सगळ्यांत अवघड काम. अर्थशास्त्रवाले तर चलनवाढीवर बोलू लागतात. मी वही बगलेत मारून पहिल्या मजल्यावर पाऊल ठेवलं आणि वरून आरोळी आली, "बर्गी आला! चौथ मागतोय!" फटाफट दारं लागली. एकाने दाराआडून अंगाईगीत सुरू केलं आणि उरलेल्यांनी घोरण्याचे आवाज काढले.

मी इतिहासवाल्याच्या दारावर थाप मारली. त्याची दोन महिन्यांची बाकी होती. तो दार उघडून अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "१७५१ चा तह आहे. अलीवर्दीने रघुजीला सालाना बारा लाख चौथ कबूल केली, आणि वर ओडिशा दिला. रोख माझ्याकडे नाही. ओडिशा घे."

"कोणाला विचारून देतोस रे?" शेजारच्या खोलीतून कटकचा मुलगा बाहेर आला. त्याचीही बाकी होतीच, एक महिन्याची. त्याने माझ्या हातातली वही घेतली, स्वतःच्या नावाचं पान काढलं आणि खिशातलं पेन उघडलं.

"१७५१ ते १८०३, बावन्न वर्षं आमच्या लोकांनी नागपूरला वसूल भरलाय," तो म्हणाला. "यातली माझी रक्कम त्यात वळती कर, आणि उरलेले मला परत कधी देणार ते इथे लिही."